गॅलरी बसली का?

थांबा. हातातलं काम बाजूला ठेवा, कारण हे मला आत्ताच सांगायला पाहिजे. रविवार जवळ आलाय आणि आतल्या खोलीत आण्णा परत आवाज लावून बघायला लागलेत. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून टाईप करतेय. चुका झाल्या तर समजून घ्या, बोटं ऐकत नाहीत.

आण्णा म्हंजे माझे वडील. फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झाले, आणि तेव्हापासनं त्यांची दुसरी ड्यूटी म्हंजे आमच्या मंडळाची फुटबॉल टीम. सांगलीत नदीच्या कडेला आमचं मैदान आहे. त्याच्या एका अंगाला दगडी पायऱ्यांची लांबलचक गॅलरी. माझ्या आजोबांच्या वयाच्या माणसांनी नदीतनं दगड वाहून आणून बांधली ती. वरनं नंतर कुणीतरी सिमेंट ओतलं, खाली पोरांना कपडे बदलायला एक खोली काढली. एवढंच आमचं स्टेडियम. पण आमच्यासाठी लय होतं.

आमच्यात एक रीत आहे. मॅच सुरू व्हायच्या आधी आण्णा मधल्या पायरीवर उभे राहतात, दोन्ही हात तोंडाशी धरतात आणि हाक देतात, "गॅलरी बसली काऽऽ?" सगळी गॅलरी एका दमात ओरडते, "बसलीऽऽ!" मग माझ्या आत्याचा पोरगा ढोलावर टिपरू टाकतो आणि मगच शिट्टी वाजते. रेफरी बाहेरगावचा असला तर त्याला आधीच कानात सांगून ठेवतात. हाक झाली नाही आणि बॉल हलला तर आम्ही हरणार, हे आमच्यात सगळ्यांना माहीतच आहे. कुणी तपासून बघितलेलं नाही. तपासायची हिंमतच नाही कुणाची.

आता एक बघा. "बसली" हा शब्द आमच्याकडं किती ठिकाणी चालतो. माणूस बसतो. पाहुणे बसतात. धंदा बसतो. गार पाणी पिऊन घसा बसतो. आणि पावसाळ्यात जुनी भिंत पडत नाही, ती पण बसते. म्हातारी माणसं असंच बोलतात, "माळ्याची विहीर बसली रं," म्हंजे विहिरीचा काठ आत गेला. हे लक्षात ठेवा.

या पावसाळ्यात पूर आला. पुराचं पाणी सगळ्यात पहिल्यांदा आमच्या मैदानात येतं आणि सगळ्यात शेवटी आमच्या मैदानातनं जातं. या वेळी ते गॅलरीच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलं आणि तिथंच मुक्काम ठोकून राहिलं. ओसरलं तेव्हा पोरांनी चिखल काढला, पायऱ्या धुतल्या, चुना मारला. लय भारी दिसायला लागली गॅलरी. नवीन असल्यागत.

मग थंडी पडली, मॅची सुरू झाल्या, आणि बारीक बारीक काहीतरी व्हायला लागलं.

गॅलरीच्या पोटात कबुतरं राहायची, ती गेली. कुणीतरी म्हणालं, मांजर आलं असंल. कपडे बदलायच्या खोलीचं दार लागेना. पावसानं फुगलंय म्हणून सुताराला बोलावलं, त्यानं वरनं रंधा मारला, दार लागलं. पुढच्या मॅचला परत लागेना. परत रंधा. दार बारीक होत चाललं आणि कुणी चौकटीकडं बघितलं नाही. आत्याच्या पोराला मी दादा म्हणते. तो एकदा ढोल पुसताना म्हणाला, "ह्याच्यावर ही लाल धूळ कुठनं पडाय लागलीय काय कळंना." वर तर आभाळ होतं. धूळ खालनं उडत होती, पायऱ्यांच्या सांध्यातनं, प्रत्येक टिपरूला.

आणि ते लिंबू. गोलपोस्टला उतरवून टाकायला पोरं लिंबू आणतात, त्यातलं एक माझ्या हातनं पायरीवर पडलं. पायरी म्हंजे सपाट की हो. लिंबानं खाली जायला पाहिजे होतं, नाहीतर जागेवर थांबायला. ते आडवं निघालं. हळूहळू, कुणी दोरीनं ओढत असल्यासारखं, पायरीच्या लांबीनं मध्यापर्यंत गेलं आणि आण्णांच्या पायाशी एक चीर होती तिच्यात जाऊन बसलं. आण्णांनी त्याच्यावर बूट ठेवला आणि हसून म्हणाले, "बघ पोरी. नशीब आपणहून माझ्याकडं येतंय."

मी पण हसले. पण ते लिंबू काढायला मी हात घातला नाही.

त्याच दिवसांत मंडळाच्या अध्यक्षांनी ते चित्र आणलं. कुठल्यातरी बिल्डरकडनं काढून घेतलेलं रंगीत चित्र, नव्या स्टेडियमचं. जुनी गॅलरी पाडायची, तिथं वर निळ्या खुर्च्या, खाली दुकानगाळे, वरनं पत्रा. चित्रात माणसं पण बसवलेली होती. सगळी गोरीपान आणि कुणालाच तोंड नव्हतं. आण्णांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "माझी जागा कुठली ह्याच्यात?" अध्यक्षांनी बोट फिरवत फिरवत नेलं. आण्णांच्या जागेवर पार्किंग होतं.

झालं. त्या दिवसापासनं मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. एक "पाडा", एक "राखा". सकाळी दात घासायच्या आधी भांडण सुरू. शेवटी गॅलरीतच बैठक लावली. दादा "पाडा" पार्टीचा पुढारी, आणि "राखा" म्हंजे आण्णा.

दादा म्हणाला, "मामा, आवं पावसात छत्री धरून मॅच बघताय. छत्रीमुळं मागच्याला गोल दिसत न्हाई. मग तो आईबहिणीवर येतोय."

आण्णा म्हणाले, "आनि खुर्चीवर काय हुईल? निजशील तू. भाच्या, हाक दिल्यावर खुर्ची वरडत आसती व्हय रं?"

"खुर्चीवर मानूसच बसतोय की मामा!"

"बसतोय न्हवं? मग मानूस हाय तवर दगडाला का हलवताय?"

सगळे हसले. मागनं कुणीतरी टोमणा मारला, "आण्णांना तिथंच पुतळा करून बसवा म्हंजे दोन्ही पार्ट्या खूष!" आण्णा पण हसले. मग अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. "पाडा" म्हटल्यावर मी हात वर केला.

का नाही करणार? त्या गॅलरीत बायकांना जायला एक संडास नाही. मी सकाळपासनं पाणी न पिता मॅचला जाते, लहानपणापासनं. चित्रात एका कोपऱ्यात "महिला" असं लिहिलेलं होतं, मला तेवढंच दिसलं. आण्णांनी माझा हात बघितला. घरी आल्यावर जेवताना आईकडं बघून म्हणाले, "तुझ्या लेकीला सांग, मीठ हिकडं सरकव."

दोन्ही बाजूंचे हात जवळजवळ सारखे झाले, म्हणून निर्णय पुढं ढकलला. सेमीफायनल झाल्यावर बघू म्हणाले.

सेमीफायनल साताऱ्यात होती. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली, आणि सगळी गॅलरी निघाली म्हणा ना. आण्णा आले नाहीत. बाहेरची मॅच असली की ज्यांना जमत नाही ती माणसं आमच्या गॅलरीत बसून मोबाईलवर ऐकतात. आमच्यातलं कुणीतरी मैदानावरनं बोलून बोलून ग्रुपवर पाठवत राहतं. पण आण्णा तर कधीच मागं राहायचे नाहीत. मी दारात चप्पल घालत होते तेव्हा ते दाढी करत होते, आरशातनंच म्हणाले, "मी माझ्या जाग्यावर बसनार. जागा हाय तवर बसून घेतो." किती तरी दिवसांनी माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य.

वाटेत इस्लामपूरला चहाला थांबलो तिथंही तेच भांडण. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला, गाडी मुंगीच्या चालीनं चाललेली, आणि आत "पाडा", "राखा". दादा म्हणत होता, "मामांची समजूत मी घालतो. त्यांच्यासाठी मधली खुर्ची राखीव ठेवायची, नाव घालून." मला ते ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. जिवंत माणसाचं नाव बाकावर घालतात का?

साताऱ्याचं मैदान बघून पोरांची तोंडं उघडीच राहिली. खुर्च्या, पत्रा, सगळं. आणि बायकांसाठी संडास, आत पाणी, दाराला कडी! मी आईला फोटो पाठवला त्याचा, हसू नका. टीमा मैदानात उतरल्या आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की हाक कोण देणार? दादाला म्हणाले, दे की. दादा म्हणाला, "माझी जीभ झडंल." अध्यक्षांना म्हणाले, ते घसा धरून खोकले. रेफरी घड्याळाकडं बघायला लागला. आणि बरोबर तेव्हा सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले.

ग्रुपवर मेसेज होता. मैदानाच्या फाटकाशी चहावड्याचा गाडा लावणाऱ्या मावशींकडनं. मावशी ग्रुपवर सकाळी देवाचा फोटो टाकतात, बाकी कधी काही लिहीत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं:

गॅलरी बसली

काय जल्लोष झाला सांगू! दादा खुर्चीवर उभा राहिला. "मामांनी मावशीच्या फोनवरनं हाक धाडली! म्हातारं रुसलंय पर हाक चुकली न्हाई!" सगळे ओरडले, "बसलीऽऽ!" ढोल वाजला, साताऱ्याची माणसं आमच्याकडं बघून हसायला लागली, आणि ग्रुपवर बसली, बसली, बसली, मेसेजचा पाऊस. सगळ्यात पहिलं उत्तर माझं होतं. माझी बोटं लय फास्ट. त्याच्यापुढं मी ढोलाचं चित्र पण टाकलं.

शिट्टी वाजली. बॉल हलला. मी अजून स्क्रीनकडंच बघत होते, आणि मला दिसलं की त्याच्यात "का" नाही.

आण्णांच्या हाकेत "का" असतो. तोच तर लांबवतात ते. "गॅलरी बसली काऽऽ?" मावशींनी विचारलेलं नव्हतं. मावशींनी सांगितलेलं होतं.

मी आण्णांना फोन लावला. वाजला, वाजला, कुणी उचलला नाही. मावशींना लावला. खूप कालवा ऐकू आला, आणि मावशी, "आगं मधनंच बसली गं. मधल्या पायऱ्या सगळ्या आत गेल्या. नुसता धुरळा. बाकीची अजून यायची हुती, पर तुझे आण्णा त्येच्यातच हायती."

मी काय केलं मला आठवत नाही. दादा सांगतो की मी त्याचं टिपरू धरून ठेवलं. टीम मैदानात खेळत होती आणि आम्ही गाडीत बसलो. मॅचचं काय झालं कुणी विचारलंच नाही. परत त्याच ट्रॉल्या, तोच रस्ता, पण गाडीत चिडीचूप. दादानं ढोल मांडीवर घेतला होता आणि त्याच्यावर हात पसरून बसला होता, आवाज होऊ नये म्हणून.

कऱ्हाडच्या पुढं मावशींचा परत फोन आला. मी स्पीकरवर टाकला. "पोरी, कुटं शोधायचं कळंना. दगड लय हायती. हाका मारतोय, वो देत न्हाईत. पर मगाधरनं खालनं ढोल वाजतुया गं. थांबतोय, परत वाजतुया."

गाडीतल्या सगळ्यांनी दादाकडं बघितलं. ढोल तर दादाच्या मांडीवर होता.

मग दादाच एकदम ओरडला, "मोबाईल! मामांचा मोबाईल!" त्यानंच भरून दिलं होतं ते. ग्रुपवर मेसेज आला की आण्णांच्या मोबाईलमध्ये आमच्या ढोलाचा ठेका वाजतो, आणि मागं राहिलेली माणसं मघापासनं ग्रुपवर काय झालं विचारत होती. आम्ही साताऱ्यात हसत हसत जे "बसली, बसली" पाठवत होतो ते त्यांच्या खिशात, त्या दगडांखाली वाजत होतं.

"थांबू नका," दादा म्हणाला. "लिव्हत ऱ्हावा. कायबी लिव्हा."

आणि कुणाला दुसरं काही सुचलंच नाही. गाडीतली सगळी माणसं खाली मान घालून तोच शब्द टाईप करायला लागली. बसली. बसली. बसली. कुणी हसत नव्हतं. अध्यक्ष रडत रडत लिहीत होते. मला एकच भीती होती, की आण्णा मोबाईल चार्ज करायला नेहमी विसरतात. मावशी फोनवर सांगत होत्या, "वाजला, हिकडं वाजला, न्हाई न्हाई त्या अंगाला," आणि मागनं फावड्यांचा, दगडांचा आवाज. इस्लामपूर आलं आणि गेलं. मग मावशी नुसत्याच म्हणाल्या, "हात दिसला." मग नुसती फावडी ऐकू आली. मग म्हणाल्या, "हलतोय."

आण्णा वाचले. पाय दोन ठिकाणी मोडला, कंबरेला मार बसला, आणि धुळीनं घसा बसला. परत तोच शब्द बघा. दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसले होते, तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुझा पयला वाजला व्हय गं? लय लगीच वाजला." मी मान हलवली. ते म्हणाले, "तवाच म्या डोळं उगाडलं."

गोष्ट इथं संपली असती तर मी कशाला टाईप करत बसले असते? खरी भीती आता पुढं आहे.

आम्हाला वाटलं आता "पाडा" पार्टी जिंकली. वाद मिटला. पण झालं उलटंच. बातमी सगळीकडं पसरली की आण्णांना हाकेनं वाचवलं. गॅलरीनं पोटात घेतलं पण सोडून दिलं. बायका येऊन नारळ फोडायला लागल्या. आणि ग्रुपवर एकेक जण पार्टी बदलायला लागला. दादासुद्धा! ज्यानं खुर्च्यांसाठी गळा काढला तो माझा दादा लिहितो, "जिवंत गॅलरी हाय ती. तिला पाडणाऱ्याचं वाटुळं हुईल." अध्यक्षांनी ते चित्र गुंडाळून कपाटावर टाकलं.

कारण फक्त मधला भाग बसलाय. नदीकडचा तुकडा अजून उभा आहे. तपासायला महापालिकेची माणसं आली होती, त्यांनी पट्टी बांधली, आत जाऊ नका म्हणाले, सविस्तर बघायला परत येतो म्हणाले. ती पट्टी पोरांनी सोडून ढोलाला गुंडाळलीय. शोभा म्हणून. आणि येत्या रविवारी घरची मॅच आहे. सगळे त्या उरलेल्या तुकड्यावर बसणार आहेत. दाटीवाटीनं, एकावर एक, कारण जागा निम्मीच राहिलीय. आण्णांना घरातनं खुर्चीसकट उचलून नेणार आणि वरच्या पायरीवर ठेवणार. हाक तेच देणार. खुर्ची नको म्हणणारे माझे आण्णा, आता खुर्चीवरनं हाक देणार, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. "म्या आलो न्हवं भाईर?" म्हणतात. "ती माझ्यावर पडनार आसती तर तवाच पडली आसती."

काल सकाळी मी एकटी गेले. हातात लिंबू होतं. नदीकडच्या तुकड्यावर वरच्या पायरीवर ते ठेवलं आणि मोबाईल धरून बसले. आधी हललं नाही. मी श्वास सोडला. आणि मग निघालं. आडवं. नदीच्या दिशेनं. टोकापर्यंत गेलं, खाली पडलं, आणि पडल्याचा आवाजच आला नाही.

मी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. दादाचं उत्तर आलं, "आगं, लिंबू पन जागा धराय निगालंय बघ!" खाली हसणारी तोंडं. मग कुणीतरी लिहिलं "बसली". मग सगळ्यांनी.

आत्ता, मी हे लिहीत असताना, आतनं आण्णांचा आवाज येतोय. घसा सुटलाय जरा. हळूच लावून बघतायत, "गॅलरी बसली काऽ?" आई पोळ्या लाटतेय. आई आयुष्यात कधी मैदानावर आली नाही, हाकेला कधी उत्तर दिलेलं नाही. तिनं लाटणं थांबवलं आणि तिथनंच म्हणाली, "बसली की. येकदा बसली तेवढी बास झाली."

आतली हाक थांबली.

मग मी ग्रुपवर लिहिलं. "रविवारी आण्णांची खुर्ची घरातनं हलणार नाही. मी दारात आडवी बसणार आहे. कुणाला उचलायचं असेल त्यानं आधी मला उचलावं." आतल्या खोलीत ढोल वाजला, माझाच मेसेज पोचल्याचा. वाचत असतील. अजून मीठसुद्धा मागितलेलं नाही.

ग्रुपवर दादाचं टायपिंग टायपिंग दिसतंय आणि येत काहीच नाही.

तुमच्या घरात झालंय का हो असं कधी? मरता मरता वाचलेलं आपलं माणूस हसत हसत परत त्याच जागी बसायला निघालंय, आणि त्याला थांबवायचं सोडून सगळं गाव टाळ्या वाजवतंय? तुम्ही दारात बसला होता का? आणि बसला असाल तर, उठवलं का तुम्हाला कुणी?